डावा भांग, उजवा भांग

माझा भांग उजवीकडे आहे. ही चूक आहे, आणि ती मी आठ वर्षांची असताना केली. पुढे त्या चुकीपायी माझी एक नोकरी गेली. आता डोक्यावर भांग पाडण्याइतके केस उरले नाहीत, तरी मी तो तिथेच पाडते.

परवा माझ्या जावेची नात मुंबईहून आली. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "आजी, तुझी स्टाइल सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. कुठून आणलीस?"

मी म्हटलं, "लोकांची चोरली."

ती खूप हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. खरं तेच सांगितलं होतं.

माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूला. भात निघालं की त्याच शेतात वाल, यापलीकडे गावात काही होत नसे. शाळा चौथीपर्यंत, आणि शिकवायला एक बाई. त्या रोह्याहून चालत यायच्या. गावातल्या समस्त बायका मधोमध भांग पाडून तेल चोपडायच्या. शाळेच्या बाईंचा भांग मात्र बाजूला असायचा. गोल पातळ, खांद्यावर पिन लावलेला पदर आणि बाजूचा भांग. आमच्या गावाला हे नवीन होतं. माझा बाप कुणापुढे उठून उभा राहायचा नाही, पण बाई दारावरून गेल्या की विडी पाठीमागे लपवायचा. ते मी पाहिलं आणि ठरवलं की आपल्यालाही लोकांनी बाई म्हटलं पाहिजे. ते कसं म्हणवून घ्यायचं हे माहीत नव्हतं. भांग पाडणं तेवढं हातात होतं.

मी वर्गात पहिल्या रांगेत, बाईंच्या बरोबर समोर बसायची. बाईंचा भांग मला ज्या हाताला दिसायचा, घरी जाऊन त्याच हाताला मी पाडला. उजव्या. समोर उभ्या माणसाचं डावं आपल्याला उजवीकडे दिसतं, हे आठ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? घरात आरसा होता तो तळहाताएवढा. त्यात एका वेळी एक डोळा दिसायचा.

आईने पाठीत दोन घातले. "वाकडा भांग पाडतेस, वाकडा नवरा मिळंल." चौथी झाल्यावर बाप म्हणाला, पुरे. शाळा सुटली. भांग राहिला. नवरा सरळच मिळाला, फक्त बोलायचा कमी.

लग्न होऊन मी पेणजवळच्या जोहे गावात आले. सासरी गणपतीचा कारखाना. सासूला सुनेच्या डोक्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "पदर डोक्यावर असला म्हंजे झालं. खाली काय का असंना." तिला हात हवे होते. मला मूर्तींच्या पीतांबराचे काठ रंगवायला बसवलं.

कारखान्यातली एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. आमच्याकडे डावं-उजवं असतं ते देवाचं, आपलं नसतं. उजवा हात म्हटलं की मूर्तीचा उजवा हात, मग तो आपल्या डावीकडे का असेना. पोरांना चालायला लागल्यापासून हे कळतं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. तो येऊन सांगतो, उंदीर उजवीकडे ठेवा. आम्ही देवाच्या उजवीकडे ठेवतो. न्यायला आला की बोंबलतो, कारण त्याला स्वतःच्या उजवीकडे हवा असतो. दर वर्षी एक तरी असा येतोच.

तर मी तिथे काठ रंगवत बसले आणि हळूहळू आणखी दोन गोष्टी उचलल्या. पेणच्या बाजारात खाडीकडची एक बाई यायची, मिठागरावर काम करणारी. तिचं पातळ घोट्याच्या चांगलं वर असायचं, आणि टोपली डोक्यावर असून मान अशी ताठ, की समोरच्याने वाट सोडावी. मी बघत राहिले तशी ती म्हणाली, "काय बघतंस गो? चिखलान चालतो आमी. पातल खाली सोरून काय रस्ता झारू?" मला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी पातळ चार बोटं वर नेसायला लागले. पेणच्याच एका शिंप्याकडून पेन्सिल घेतली, म्हणजे पेन्सिल माझीच, ठेवायची जागा त्याची. तो ती कानामागे खोचायचा. माझ्या कानामागे ती टिकेना म्हणून अंबाड्यात खोचली. काठाची रेघ मारायला उपयोगी पडायची. आणि पेन्सिल डोक्यात असली की माणूस शिकलेला दिसतो, हेही मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू?

हे सगळं जमायला मला सहा-सात वर्षं लागली. मग धाकटी जाऊ आली आणि तिने ते एका महिन्यात उचललं.

ती रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावची. कुंडलिकेच्या पुलावरून रोज रोह्याचा बाजार बघितलेली, सातवी शिकलेली. मला वाटलं, ही आता मला काहीतरी नवीन दाखवील. ती आली ती लाकडाच्या बाहुलीसारखी. कुठे बसायचं तेही विचारायची. आठ दिवस माझ्याकडे टक लावून बघत होती. नवव्या दिवशी सकाळी चुलीसमोर बघते तर काय, हिचा भांग बाजूला.

मी म्हटलं, "हे काय?"

"तुमचा चांगला दिसतो, ताई."

"माझा चांगला दिसतो म्हणून तू पाडायचास?"

"मग वाईट दिसणाऱ्याचा पाडू?"

सासू भाकरी थापता थापता हसली.

भांगानंतर पिन. पिनेनंतर पातळ वर गेलं. मी म्हटलं, अगो तू चिखलात जात नाहीस, शेतावर तर मी जाते. तर म्हणे, सवय असलेली बरी. पेन्सिलही आली. तिला त्या वेळी रंगाला बसवलेलं नव्हतं, ती माती मळायची. मातीला पेन्सिल कशाला लागते? पण खोचली. मी मोठं कुंकू लावायला घेतलं, चार दिवसांनी तिचं मोठं. मी चिडून बारीक टिकली लावली, तिची टिकली. एकदा मुद्दाम डोक्याला जुना टॉवेल गुंडाळून बसले. उन्हाळा होता, कुणाला काही वाटलं नसतं. दुपारी ही बया टॉवेल गुंडाळून पाणी घेऊन आली.

सासू म्हणाली, "घरात आरसा नको आता. दोघी समोरासमोर उभ्या ऱ्हावा, नि भांग पाडा."

सासूने ते गमतीत म्हटलं, पण खरं म्हणजे तसंच झालं होतं. धाकटीनेही माझ्यासमोर बसूनच माझा भांग उचलला होता. माझा उजवा, म्हणून तिचा डावा झाला. चेहऱ्याने आम्ही दोघी अगदी निराळ्या, मी उंच हडकुळी आणि ती गोल. पण लांबून पातळ, पिन, पेन्सिल सगळं एकच. गावाने आम्हाला डावी आणि उजवी म्हणायला सुरुवात केली. "डावीला सांग गो, पाणी आलंय." "उजवी गेली पेणला." देवाच्या हातांसारखं. आणि अर्थात ज्याचं त्याचं डावं-उजवं धरून.

दीर एकदा म्हणाला, "वयनी, तुमच्या दोघींचा एक साचा करतो. मजुरी वाचंल."

मला हसू आलं नाही. माझ्या अंगावरची एकही गोष्ट माझी राहिली नव्हती. आणि कुणापाशी तक्रार करायची सोयही नव्हती, कारण त्या गोष्टी मुळात माझ्या नव्हत्याच.

अशात गावात बालवाडी निघणार असं कळलं. एक संस्था होती, पेणला तिचं ऑफिस. तिथल्या मॅडम गावोगाव फिरून बाया निवडत होत्या. आमच्या कारखान्यात आल्या तेव्हा मी एकटी पुढे बसले होते. धाकटी माहेरी गेली होती. मॅडम समोर स्टुलावर बसल्या आणि बरंच काही विचारलं.

"शिकलात किती?"

"चौथी. पण पक्की."

"लहान मुलं सांभाळता येतील?"

मी म्हटलं, "हे एवढे गणपती सांभाळते. फक्त हे रडत नाहीत."

मॅडम हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या अंबाड्यातली पेन्सिल मागून घेऊन लिहिलं, हे मला चांगलं आठवतं. म्हणाल्या, "तुम्हालाच बोलावते." नाव विचारायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. त्या काळात मला नावाने कुणी हाक मारतच नव्हतं.

मी कुणाला बोलले नाही, पण आठ दिवस माझं काठाकडे लक्ष नव्हतं. सरळ रेघ वाकडी जात होती. बालवाडीत शिकवणारीला पोरं बाईच म्हणणार. पोरांच्या आया म्हणणार. जोह्याचे म्हातारे विडी लपवणार.

आठ दिवसांनी ग्रामसेवक चिठ्ठी घेऊन आले. घरी सगळे जमलेले. त्यांनी वाचलं. कारखानेवाल्यांची सून, भांग डावीकडे, उद्या पेणला पाठवावी.

सासूने मान वळवून धाकटीकडे बघितलं. "डावी म्हंजे तू."

मी म्हटलं, "अहो, मला म्हणाल्या होत्या! ही तर इथे नव्हतीच!"

ग्रामसेवक म्हणाले, "डावीकडे असं लिहिलंय, वहिनी. हे बघा."

"लिवलेलं खोटं कसं असंल?" सासू म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून लिहिलेल्यावर तिचा फार विश्वास.

मी धाकटीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिने म्हणायला हवं होतं की मी नव्हते. दुसऱ्या दिवशी पदराला पिन लावून सासूबरोबर एसटीने पेणला गेली. मला पंचवीस पीतांबर संपवायचे होते. संध्याकाळी परत आली ती निवड होऊनच.

तीन दिवस मला काही उमगेना. मॅडम भांग विसरल्या म्हणावं, तर त्यांनी लिहून ठेवलेला. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि उंदरावरून बोंबलायला लागलं. "उजवीकडे सांगितला होता, डावीकडे ठेवलात!" दीर नेहमीसारखं त्याला समजावत होता, अहो उजवं म्हणजे देवाचं उजवं. आणि माझ्या हातातला कुंचला थांबला. मॅडम माझ्या समोर बसल्या होत्या. माझा भांग त्यांना डाव्या हाताला दिसला. त्यांनी स्वतःचं डावं धरून लिहिलं. बाहेरच्या माणसासारखं. आणि आमच्या घराने ते कारखान्यासारखं वाचलं.

मी तशीच उठले, रंगाच्या हातांनी एसटीत बसले आणि पेण गाठलं. ऑफिसात दुसरीच बाई. मॅडमची बदली झालेली, यादी पुढे गेलेली. ती बाई म्हणाली, "पण एकाच घरातल्या ना तुम्ही? मग काय झालं?" घरी आले तर सासू तेच म्हणाली. "आपल्याच घरात आलं ना? मग झालं." नवरा काहीच म्हणाला नाही. त्याचं ते नेहमीचंच होतं.

पोरं धाकटीला बाई म्हणायला लागली. मी काकी.

एवढ्यावर संपलं असतं तरी ठीक होतं. पहिल्याच संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, उद्या पोरांना काय करायला देऊ?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? निवडलं कुणाला?"

"सांगा ना. ती नुसती रडतात."

मी सांगितलं. का सांगितलं ते मला आजही कळत नाही. तिचं ते तोंड बघवत नव्हतं म्हणून असेल. म्हटलं, कारखान्यातली माती ने, एकेकाला गोळा दे, उंदीर करायला सांग. माती हातात असली की पोर रडत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, रडली नाहीत. आता उद्या? असं रोज. पोर चावलं तर काय, पोराची आई भांडायला आली तर काय. मी चिडून उत्तर द्यायची आणि ती तेच उत्तर, माझ्याच चिडक्या सुरात, तिथे जाऊन द्यायची. लोक म्हणायचे, बाई कडक हाय, पण पोरांना वळण लावते. माझंच बोलणं माझ्याच गावात मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळायचं.

मधे एकदा आम्ही दोघी एका लग्नाला रोह्याला गेलो. तिथे माझ्या शाळेच्या बाई भेटल्या. पार वाकलेल्या, पण भांग तसाच. मी पाया पडले, गावाचं नाव सांगितलं, पहिल्या रांगेत बसायची म्हटलं. बाईंनी डोळे बारीक करून आमच्या दोघींकडे बघितलं आणि धाकटीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हीच ना ती? बघ, अजून माझ्यासारखाच भांग पाडते."

मी बाईंच्या डोक्याकडे नीट बघितलं. बाईंचा भांग डावीकडे होता. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या समोर नाही, शेजारी उभी होते. धाकटीने माझी नक्कल उलटी केली, म्हणून ती बाईंची सरळ झाली. येताना एसटीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती मला शेंगदाणे देत होती.

मग पुष्कळ वर्षं गेली. सासू गेली, नवरा गेला. धाकटी निवृत्त झाली तेव्हा शाळेच्या पटांगणात तिला शाल दिली. एके काळी मातीचे उंदीर करणारी, आता मोठी झालेली पोरं येऊन पाया पडली. प्रत्येक जण बाई, बाई करत होता. मी मागे खुर्चीवर बसले होते.

घरी आल्यावर शाल बाजूला ठेवून ती माझ्यासमोर बसली, रोजच्या जागी.

"ताई, एक सांगायचं हाय."

"उद्या पोरं नाहीत. आता काय विचारतेस?"

"पेणला गेले होते ना तेव्हा, मॅडमना चेहरा नीट आठवत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचा भांग त्या दिवशी या बाजूला होता ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, व्हय. बदलला."

मला वाटलं होतं तिला काहीच कळलं नाही. एवढी वर्षं मी तिला बावळट समजत होते, आणि एका परीने ते मला बरं वाटत होतं. मी विचारलं, "का म्हणालीस?"

"मला येत काय होतं, तुम्हीच सांगा. इथे आले तेव्हा कसं बसायचं, कसं बोलायचं, काय नेसायचं, सगळं तुमच्याकडून घेतलं. तेही घेतलं." मग म्हणाली, "तुम्ही माहेरी निघून जाल असं वाटायचं. म्हणून रोज विचारायला बसायची. विचारणारं माणूस असलं की कुणी जात नाही."

"आणि सासूला तरी सांगायचंस."

"भ्यायले."

मी तिला पुष्कळ बोलले. इथे ते लिहिण्यासारखं नाही. ती सगळं ऐकून घेत होती आणि शेवटी काय विचारते? "ताई, आता भांग कुठे पाडू?"

मी म्हटलं, "मधे पाड नि गप बस."

दुसऱ्या दिवशी तिने मधे पाडला. पिन काढली, पेन्सिल काढली, पातळ खाली सोडलं. अष्टमीहून आली तेव्हा होती तशी. आणि तिला ते शोभलं, हे आणखी संतापजनक. इतकी वर्षं माझे कपडे घालून बसली होती आणि तिचं स्वतःचं रूप आत धड होतं.

चार दिवसांनी मी आरशासमोर उभी राहिले. घरात आता कपाटाला पुरुषभर आरसा आहे. मला वाटलं, आपणही एकदा बघावं. मधे पाडला. पिन काढली. बरी दिसत होते. लगेच पुतण्याची बायको म्हणाली, "अय्या, तुम्ही पण सासूबाईंचं बघून केलंत का?"

मी काही बोलायच्या आत दारात एक बाई आली. तिशीची, कडेवर मूल. धाकटी मागे विहिरीवर होती. उन्हातून आल्यामुळे तिला आतलं नीट दिसत नसावं. माझ्याकडे बघून ती वाकली आणि म्हणाली, "बाई, ओळखलंत का?"

मी कोण हे सांगायला पुतण्याच्या बायकोने तोंड उघडलं. मी तिला हाताने गप केलं.

"ओळखलं," मी म्हटलं. "तू उंदराला शेपूट लावायची विसरायचीस."

हे मी अंदाजाने म्हटलं. सगळीच पोरं विसरायची, धाकटी रोज येऊन सांगायची. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाला माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "बाईंना नमस्कार कर."

ती गेल्यावर मी आत गेले आणि भांग परत उजवीकडे पाडला. मागे वळले तर धाकटी घागर घेऊन दारात उभी.

"कोण आलं होतं, ताई?"

"तुझ्याकडे आली होती. नंतर ये म्हटलं," मी म्हणाले आणि तिच्या हातातली घागर घेतली.